मोडीच्या भावापलीकडची चांदी

भांडे काट्यावर ठेवायचे, वजनाची किंमत धरायची, वर घडणावळ लावायची, हा सराफी हिशेब आधुनिकतावादी चांदीच्या भांड्यांपुढे निकामी ठरतो. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत मारियाने ब्रांट यांनी १९२४ मध्ये आखलेले चहाचे भांडे जेमतेम तळहातावर मावेल एवढे: अर्धगोल पोट, खाली अधिकच्या चिन्हासारखी बैठक, मधोमध न बसवता कडेकडे सरकवलेले गोल झाकण, आबनुसाची मूठ. त्याचा एक नग २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात ३,६१,००० डॉलरना गेला. चांदी त्यात मूठभरही नाही.

वेलबुट्टी टाकून नुसत्या आकारावर भर देणारी ही घडण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. पॅरिसच्या ज्याँ प्विफोर्का यांनी गोल, शंकू, नळकांडे या भूमितीतून भांडी उभी केली. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्या माणिकबाग राजवाड्यासाठीही त्यांनी चांदीचे काटे-चमचे घडवले. डेन्मार्कची वाट वेगळी, जास्त मऊ. गेऑर्ग येन्सेन यांची कोपनहेगनमधली कार्यशाळा १९०४ ची. तिच्यासाठी योहान रोड यांनी १९२० मध्ये काढलेला जग इतका सपाट-साधा होता, की तो विक्रीला यायला १९२५ उजाडले. हेनिंग कोपेल यांचा १९५२ चा फुगीर पोटाचा जग आज संग्राहकांचे स्वप्न आहे. खिसा बेताचा असेल त्याने त्यांच्याच ‘कॅरॅव्हल’ मालिकेतल्या (१९५७) सुट्या काट्या-चमच्यांपासून सुरुवात करावी.

खरेदीआधी भांडे उलटे करून ठसे वाचावेत. येन्सेन यांचे नाव ठिपक्यांच्या लंबगोलात असेल, तर नग १९४५ नंतरचा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. फ्रान्सचा मिनर्व्हा देवीच्या मस्तकाचा पहिल्या प्रतीचा ठसा ९५० भागांचा. जर्मन चमच्यांवरच्या ९० या आकड्याने मात्र भलेभले फसतात. तो शुद्धतेचा टक्का नव्हे, मुलाम्याचा आकडा आहे: बारा चमचे आणि बारा काटे मिळून ९० ग्रॅम चांदी.

नक्षीच्या भांड्यातला पोचा वेलीत लपतो, इथे लपायला जागाच नाही. म्हणून पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहतात. त्यावर तोंडाची वाफ सोडली, की डाक लावलेली जागा किंवा घासून काढलेल्या आद्याक्षरांची खूण क्षणभर उमटते. आद्याक्षरे घासलेल्या ठिकाणी पत्रा पातळ झालेला असतो. यंत्रावर चकाचक केलेला नग तर सरळ बाजूला ठेवावा, कारण कडांची धार एकदा गेली की परत येत नाही. थोडी काळपट चांदी त्यापेक्षा कितीतरी बरी.

वापरायला हरकत नाही. फक्त मीठ आणि अंडे भांड्यात फार वेळ राहू देऊ नये. सुऱ्यांच्या मुठी बऱ्याचदा पोकळ असून आत भरण असते. कढत पाण्यात ते सैल होते, म्हणून त्या हातानेच, कोमट पाण्यात धुवाव्यात.