प्रशासकाची सोय आणि शहराचे मौन

मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, या महानगरास एकही निर्वाचित नगरसेवक नव्हता. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी, असा घटनेचा दंडक आहे. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. पण आम्हांस त्या वादाहून अधिक नवल वाटते ते शहराच्या मौनाचे.

मुंबई पूर्वी अशी गप्प बसणारी नव्हती. १८६५ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या एकट्याच्या हाती गेली. साहेब कर्तबगार खरे. त्यांच्या नावाची मंडई पुढे कित्येक पिढ्यांनी पाहिली. पण त्यांच्या खर्चास आवर घालील असे कोणी उरले नाही, तेव्हा १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका आली; त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. मताचा हक्क त्या काळी मूठभरांनाच होता. आज तो प्रत्येक प्रौढास आहे.

‘नगरसेवक नव्हते म्हणून बिघडले काय?’ असे सुशिक्षित मंडळी विचारतात. बिघडले ते हे की, खर्चाचा प्रस्ताव मांडणारा आणि त्यास मंजुरी देणारा अधिकारी एकच झाला. २०२५-२६ चे ७४ हजार कोटी रुपयांहून मोठे अंदाजपत्रक निर्वाचित सभासदांच्या चर्चेवाचून संमत झाले. स्थायी समितीत भांडणे होतात, आणि ती नेहमी तत्त्वासाठीच होतात असे नव्हे; तरी भांडणाच्या निमित्ताने कागद बाहेर येतात. अखेर मतदानाचा दिवस उगवला तेव्हा निम्म्याहून थोडेच अधिक मतदार घराबाहेर पडले. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मोटार उभी करण्याच्या जागेवरून रात्री उशिरापर्यंत वाद घालणारे आपण, त्या उत्साहाचा काही अंश प्रभागापर्यंत नेत नाही.

वास्तविक तेथे वाट मोकळी आहे. महापालिकेच्या कायद्यात प्रभाग समित्यांची तरतूद असून, तेथील नगरसेवकांखेरीज त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी समितीवर नेमता येतात. त्यांची निवड नगरसेवकच करतात. तेव्हा नगरसेवक पुन्हा आले आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन, आमच्या प्रभागातील या तीन जागा कोणास दिल्या, असे लेखी विचारण्यास कोणाची हरकत नसावी.