पत्त्यांच्या जोड्या आणि मोबाइलचा पडदा

सोळा पत्ते पालथे मांडावयाचे, एका वेळीं दोन उलटावयाचे, चित्रें जुळलीं तर पत्ते उघडे ठेवावयाचे, न जुळलीं तर पुनः पालथे घालावयाचे. रॅव्हन्सबुर्गर ह्या जर्मन प्रकाशनसंस्थेनें हा खेळ १९५९ मध्यें 'मेमरी' ह्या नांवानें बाजारांत आणला. मोबाइलवर खेळ रचावयास शिकूं पाहणाऱ्यानें प्रथम हाच हातीं घ्यावा, असें मी सुचवितों. तो लहान आहे. तरीहि विचार करावयास लावणारीं दोन स्थळें त्यांत आहेत.

पहिलें पत्ते पिसण्याचें. आठ जोड्यांच्या ह्या सोळा पत्त्यांच्या मांडण्या ८१७२ कोटी ९६ लक्ष ४८ हजार होतात, आणि प्रत्येकीस सारखीच संधि मिळाली पाहिजे. नवशिका बहुधा क्रमानें प्रत्येक पत्त्याची वाटेल त्या जागेशीं अदलाबदल करतो. दिसावयास हें निर्दोष. पण श्रोतेहो, कागद घेऊन तीनच निरनिराळे पत्ते असे पिसून पाहा. अदलाबदलीचे मार्ग होतात २७, मांडण्या ६. सत्तावीसास सहानें निःशेष भाग जात नाहीं. म्हणून तीन मांडण्या पांच-पांच मार्गांनीं येतात, तीन चार-चार. पक्षपात झालाच! रोनल्ड फिशर व फ्रँक येट्स ह्यांनीं १९३८ च्या आपल्या कोष्टकग्रंथांत दिलेल्या रीतीस रिचर्ड डर्स्टनफेल्ड ह्यांनीं १९६४ मध्यें संगणकास सोयीचें रूप दिलें. शेवटच्या जागेपासून आरंभ करावा. तेथील पत्त्याची अदलाबदल त्याच जागेशीं किंवा तिच्या अलीकडील एखाद्या जागेशीं करावी. मग तिला हात न लावतां एक पाऊल मागें यावें. आतां तीन पत्त्यांस मार्ग सहाच, आणि प्रत्येक मांडणीस एक.

दुसरें स्थळ मुलाच्या उतावळ्या बोटाचें. न जुळलेले पत्ते क्षणभर दाखवावे लागतात; तेवढ्यांत मूल तिसऱ्यास बोट लावतें आणि सारा हिशेब बिघडतो. ह्यास्तव दोन पत्ते उघडे असतां कोणताहि स्पर्श मानूं नये. एकच उघडा असतां त्याच्यावरचा दुसरा स्पर्शहि सोडून द्यावा. नाहीं तर पत्त्याची स्वतःशींच जोडी लागते!

आतां साधनें. 'युनिटी' हें मोठें यंत्र आहे. परंतु त्या कंपनीनें सप्टेंबर २०२३ मध्यें खेळ प्रत्येक उपकरणावर चढविण्यामागें शुल्क जाहीर केलें, आणि बऱ्याच गदारोळानंतर सप्टेंबर २०२४ मध्यें तें रद्द केलें. वर्षांच्या श्रमांवर दुसऱ्याच्या अटी अशा बदलूं शकतात, हें साधन निवडतांना ध्यानांत असावें. 'गोडो' ह्याची आज्ञावली २०१४ पासून सर्वांस खुली आहे. पण आपल्या खेळांत धांवणारें, आदळणारें असें आहे काय? पत्ता म्हणजे चित्र लावलेलें बटणच. माझ्या मतें गूगलचें 'फ्लटर' येथें पुरेसें आहे. तेंहि खुलेंच असून, एकदां लिहिलेलें अँड्रॉइड व आयफोन दोहोंवर चालतें. मात्र आयफोनसाठीं मॅक संगणक लागतो, आणि ॲपलच्या दुकानांत खेळ ठेवावयाचा तर वर्षास ९९ डॉलर द्यावे लागतात. गूगलच्या दुकानांत एकदांच २५. घरांतील अँड्रॉइड फोन तारेनें संगणकास जोडून त्यावर खेळ चढविण्यास कांहींच पडत नाहीं.