अळीच्या पोटातला सामू

नीटचा पेपर संध्याकाळी पाचला सुटतो. केंद्राच्या फाटकाबाहेर पाण्याची बाटली तोंडाला लागायच्या आत पहिला प्रश्न येतो, "तुनं काय टाकलं बे?" प्रत्येकाच्या पेपरचा कोड वेगळा, त्यामुळे प्रश्नांचा क्रमही वेगळा. एकाचा एक नंबर, तर दुसऱ्याचा भलताच. मग नंबर सोडून द्यायचा आणि प्रश्न सांगायचा: "अरे, तो बोंडअळीचा!" 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे, बरोबरला चार गुण, चुकीला वजा एक. म्हणजे एका गोलात पाच गुणांचा फरक.

2019 च्या नीटमध्ये हा बोंडअळीचा प्रश्न खरंच होता. बीटी जिवाणूचं निष्क्रिय प्रथिन अळीच्या शरीरात विषारी कशामुळे होतं? शरीराच्या तापमानामुळे, आतड्याच्या ओलसर पृष्ठभागामुळे, आतड्यातल्या अल्कलीमुळे की जठरातल्या आम्लामुळे? खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाच्या पोरांसाठी हा नुसता पुस्तकातला प्रश्न नाही. हा पट्टा कपाशीचा. जूनमध्ये बीटी बियाण्याची पाकिटं घरात येतात आणि दसऱ्याच्या आसपास वेचणीची लगबग असते.

आणि तरी घोटाळा होतो. "पोटात अ‍ॅसिडच रायते ना!" हा युक्तिवाद मला मनापासून आवडतो. पोरगं स्वतःच्या पोटावरून विचार करतं. आपल्या जठराचा सामू 2 च्या आसपास, लिंबाच्या रसासारखा. फक्त इथे पोट दुसऱ्याचं आहे.

अळीच्या मधल्या आतड्यात अगदी उलटा कारभार असतो. माती परीक्षणाच्या कागदावर आपल्या काळ्या जमिनीचा सामू 8 च्या घरात दिसतो. अनेक पानखाऊ अळ्यांच्या आतड्यात तो 10 पर्यंत, काहींत त्याच्याही पुढे जातो. साबणाच्या पाण्याइतकं अल्कधर्मी पोट! याचं एक सुंदर स्पष्टीकरण दिलं जातं. पानांत टॅनिन असतं आणि ते प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं, पचू देत नाही. सामू इतका चढला की ती पकड सुटते. झाडानं लावलेलं कुलूप अळीनं असं उघडलं.

आता बीटीची करामत पाहा. हा जिवाणू 1901 मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना मरणाऱ्या रेशीम अळ्यांत सापडला. बीजाणू तयार करताना तो प्रथिनाचे इवलेसे स्फटिक बनवतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतात आणि तिचेच पाचकरस त्या लांब प्रथिनाचा नको तो भाग छाटून टाकतात. उरलेला तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतो आणि पेशीला भोक पाडतो. पाणी आत शिरतं, पेशी फुगते, फुटते. अळी खाणं थांबवते आणि मरते. पान पचवण्यासाठी जपलेलं पोटच तिचा घात करतं. आपल्या पोटात हे प्रथिन पचून जातं, आणि तसे ग्राहीही आपल्याकडे नाहीत.

आम्लावर गोल भरलेल्या पोराला पर्याय क्रमांक तीन आता जन्मभर आठवेल. 2001 मध्ये बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनी प्रयोगात दाखवलं, की ज्या चुकीबद्दल माणूस छातीठोक असतो, ती कुणी दाखवून दिली की जास्त पक्की दुरुस्त होते. फाटकाबाहेरच्या वादात नेमकं हेच घडत असतं.

पण शेतातलं उत्तर पुढे बदललं. भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्यात हे प्रथिन बनवणारं, याच जिवाणूचं क्राय वन एसी हे एकच जनुक होतं. 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. 2017 मध्ये मात्र गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरून काढली. प्रतिकार कमावलेल्या गुलाबी अळ्यांत कॅडहेरिन नावाच्या ग्राहीचं जनुक बिघडलेलं आढळलं आहे. पोटात अल्कली तशीच, प्रथिनही विरघळतं. चिकटायची जागाच बदललेली! असा प्रतिकार लांबवण्यासाठी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. त्या झाडांवर साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकार विरळ होत राहावा, हा हेतू. अनेक ठिकाणी ती पुडी पेरलीच गेली नाही.

कपाशी फुलावर आली की एखादं फूल उमलतच नाही. पाकळ्या गुलाबकळीसारख्या एकमेकींत गुंतून राहतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. ती अलगद सोडवली की आत परागकण खात बसलेली बारीक अळी दिसते. बीटीच्याच झाडावर, जिवंत.