कंपवातात बिघडते ती देखभाल

१९८२ साली कॅलिफोर्नियात हेरॉइनचे व्यसन असलेली काही तरुण माणसे अचानक लाकडासारखी ताठरली. बोलता येईना, हलता येईना. लक्षणे सगळी म्हातारपणीच्या कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला तेव्हा कळले, की त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचे रसायन होते. मेंदूत त्याचे एमपीपी-प्लस होते. डोपामाइन पेशीत ओढून घेणारा वाहक त्यालाही आत घेतो, आणि आत गेल्यावर ते मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीचा पहिला दुवा, कॉम्प्लेक्स-वन, बंद पाडते. सबस्टॅन्शिया नायग्रा या इवल्या भागातल्या पेशी मरतात त्या अशा. पुढे १९८९ मध्ये अँथनी शॅपिरा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की असे विष कधीही न घेतलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांच्या नायग्रातही कॉम्प्लेक्स-वन दुबळे पडलेले असते.

मग दोष मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत असेल, हा तर्क ओघानेच आला. १६,५६९ अक्षरांच्या या डीएनएत ३७ जनुके असतात. १३ प्रथिने बनवतात आणि त्यांतली सात कॉम्प्लेक्स-वनचीच. पण हा डीएनए येतो फक्त आईकडून, आणि कंपवात काही आईकडूनच लेकरांत उतरताना दिसत नाही. माझ्या मते खरी गोम आहे ती या डीएनएची आणि मायटोकॉन्ड्रियाची निगा राखण्यात, आणि निगा राखणारी जनुके केंद्रकात असतात. पार्किन हे जनुक जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये शोधले, पिंक-वनचा दोष २००४ मध्ये सापडला. यांच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर आजार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. निरोगी मायटोकॉन्ड्रिया पिंक-वनला आत ओढून नष्ट करते. तिच्या पडद्यावरचा विद्युतदाब ढासळला, की पिंक-वन बाहेरच साचते, पार्किनला बोलावते, पार्किन तिच्यावर युबिक्विटिनच्या खुणा चिकटवते आणि पेशी ती निकामी मायटोकॉन्ड्रिया पचवून टाकते. फळमाशीत पिंक-वन नसताना जादा पार्किन देऊन भागते, उलटे मात्र भागत नाही. दोघांचा क्रम त्यावरूनच कळला.

यावर कोणी म्हणेल, असे रुग्ण थोडे, बाकीच्यांचे काय? २००६ मध्ये नायग्रातली एकेक पेशी सुटी काढून तपासली गेली. तुकडा गळालेल्या डीएनएच्या प्रती रुग्णांत सरासरी ५२ टक्के भरल्या, पण त्याच वयाच्या निरोगी माणसांतही ४३. फरक तुटपुंजा वाटतो खरा. मात्र २०१६ च्या एका अभ्यासात दिसले, की निरोगी म्हातारपणी या पेशी डीएनएच्या प्रती वाढवून तूट भरून काढतात आणि रुग्णांच्या पेशींना तेच साधत नाही. झीज सगळ्यांचीच होते, भरपाई चुकते ती रुग्णांत. या प्रती तयार करणाऱ्या पोल-जी जनुकात दोष असलेल्या काही कुटुंबांत पार्किन्सनची लक्षणे आढळतात, हा पुरावाही त्याच बाजूचा. शिवाय या पेशींच्या अक्षतंतूंना फांद्या अफाट आणि कॅल्शियमची आत-बाहेर सतत चालू, त्यामुळे ऊर्जेचा खर्चही मोठा.

दुसरा आक्षेप जड आहे. पेशींत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे साचलेले गोळे स्वतःच मायटोकॉन्ड्रियाला इजा करतात. मग हा बिघाड कारण की परिणाम? त्यात पार्किन-दोषाच्या अनेक रुग्णांत हे गोळे, म्हणजे ल्युई बॉडी, सापडतच नाहीत. हे मान्य करावेच लागते, आणि एकाच नावाखाली आपण एकाहून अधिक आजार मोजत असू, असेही. पण पिंक-वनच्या रुग्णात बिघाडाची सुरुवात देखभालीपासून होते, तिथे शंकेला जागा नाही.

राहता राहिला उपचार. कोएन्झाइम क्यू-टेनची ६०० रुग्णांवरची चाचणी फसली, तिचा निकाल २०१४ मध्ये छापून आला. यावरून मायटोकॉन्ड्रियाचे सूत्रच चुकले असे म्हणणे घाईचे. त्या गोळीने निकामी मायटोकॉन्ड्रिया हटत नाहीत, आणि कंप दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. पार्किनने लावलेल्या खुणा पुसणाऱ्या यूएसपी-३० एन्झाइमला रोखणारी औषधे आता तयार होत आहेत. त्यांची पहिली परीक्षा सरसकट सगळ्या रुग्णांवर न घेता तरुणपणी आजार जडलेल्या, जनुक तपासून निवडलेल्या रुग्णांवर घ्यायला हवी, कारण तिथे कोणता दुवा तुटला आहे ते आधीच ठाऊक असते.