समुद्रफूल घरी आणण्याआधी



‘फाइंडिंग निमो’ २००३ साली आला, पण तो पाहून ‘आपल्याकडे पण निमो हवा’ म्हणणारी मुलं अजून घरोघरी आहेत. निमो, म्हणजे क्लाउनफिश, पाळणं त्यामानाने सोपं. पण तो ज्याच्या कुशीत राहतो ते मऊ, डुलणारं ‘झाड’ झाड नसून प्राणी आहे. सी ॲनिमोन, आपल्या मराठीत समुद्रफूल. त्याला तोंड आहे, खडकाला चिकटायला पाय आहे आणि डंख मारणाऱ्या शुंडकांचा झुबका आहे. आज त्याच्यासाठी घरात खाऱ्या पाण्याची टाकी कशी लावायची ते पाहू.

पण टाकी किती मोठी, दिवा कोणता, हे प्रश्न नंतरचे. बहरीनमध्ये राहणाऱ्यांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा: जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या घरी कोण असणार?

शाळांना सुट्टी लागते, आपण पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला निघतो. निघताना एसी बंद, पडदे ओढलेले. चार दिवसांत बंद फ्लॅट भट्टीसारखा तापतो. समुद्रफुलाला साधारण २५ ते २७ अंश तापमान लागतं आणि तेही रोज तेवढंच. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा समुद्रफुलाला मिळतो. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं, समुद्रफूल पांढरं पडतं आणि उपाशी राहू लागतं. १९९६ आणि १९९८ च्या उन्हाळ्यांत बहरीनच्या पूर्वेकडच्या फश्त अल-अझम भागातल्या प्रवाळांचं हेच झालं. समुद्र तापला आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. अख्ख्या समुद्राची ही गत, तिथे आपल्या दोनशे लिटरच्या टाकीचं काय!

इथे बरेच जण म्हणतात, ‘समुद्र तर दारातच आहे, मग बादलीभर पाणी तिथूनच आणू.’ तसं करू नका. महासागराच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, बहरीनभोवतीच्या उथळ समुद्रात ४० ते ४५ ग्रॅम. शिवाय किनाऱ्यालगतच्या पाण्यात बोटींचं तेल आणि सांडपाणी मिसळलेलं असू शकतं. ‘बहरीन’ म्हणजे दोन समुद्र. पूर्वी इथले मोती काढणारे पाणबुडे समुद्राच्या तळातल्या गोड्या झऱ्यांतून पिण्याचं पाणी भरून घेत. आता आपल्या नळाचं पाणी बहुतांशी समुद्राचंच मीठ काढून केलेलं. आपण तेच पाणी पुन्हा आरओ-डीआय फिल्टरमधून गाळायचं, क्लोरीन घालवायचं आणि दुकानातलं सागरी मीठ मोजून मिसळायचं. उलटा कारभार वाटेल, पण सुरक्षित मार्ग हाच. दोनशे लिटरला सुमारे सात किलो मीठ लागतं. स्वयंपाकाचं मीठ अजिबात चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम हवं त्या प्रमाणात नसतं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या.

आता एक गोष्ट, जिथे नवखे हमखास गडबडतात. आमटी आटली की खारट होते, कारण पाणी जातं आणि मीठ मागे राहतं. टाकीचंही तसंच. दोनशे लिटरमधून रोज तीन लिटर उडालं, तर आठवड्यात २१ लिटर कमी. ३५ चा खारटपणा ३९ वर जातो. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं, गाळलेलं पाणीच घालायचं, खारं नव्हे. एसीच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं. त्यामुळे पातळी आपोआप राखणारा पंप चैनीची वस्तू समजू नका. तो घ्याच.

टाकी दोनशे लिटरपेक्षा लहान नको. पाणी जितकं जास्त, तितके त्यात बदल सावकाश. खडक, वाळू, पाणी, काच धरून वजन तीनशे किलोच्या घरात जातं, म्हणून स्टँड भक्कम हवा. प्रवाळांच्या टाकीसाठी असतो तसा चांगला एलईडी दिवा, प्रोटीन स्किमर आणि पाणी हलवणारा वेव्हमेकर लागेल. वेव्हमेकरला जाळी लावा. समुद्रफूल एका जागी बसत नाही. जागा आवडली नाही की रात्रीतून सरकत जातं, आणि उघड्या पंपात अडकून त्याचे तुकडे होतात. मग ते सडतं आणि आख्खी टाकी नासते.

पाणी भरलं म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषारी. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. घरी दही लावताना विरजण घालतो तसा एखाद्या चांगल्या चालू टाकीतला खडक मिळाला तर काम लवकर होतं. पण समुद्रफुलाला एवढंही पुरत नाही. त्याला किमान सहा महिने मुरलेली टाकी द्या.

म्हणून माझं वेळापत्रक ऐका. या वर्षी गणपती झाले की टाकी लावा. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आले की हिवाळ्यात क्लाउनफिशची जोडी आणा, टाकीत जन्मलेलीच. मग एक उन्हाळा, एक सुट्टी या टाकीला काढू द्या. समुद्रफूल पुढच्या गणपतीनंतर. मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या.

त्या पहिल्या सुट्टीत काय बघायचं? आमच्या आयटीच्या धंद्यात विचारतात, कोणती एक वस्तू बंद पडली तर सगळं बंद पडेल? इथे ती वस्तू म्हणजे एसी. चिलर घेतला की सुटलो, असं वाटतं. पण चिलर पाण्यातली उष्णता खोलीतच सोडतो. खोली बंद आणि एसीही बंद, तर तो हरतोच. टाकीच्या खोलीचा एसी चालू ठेवून जावं लागेल. त्याचं महिन्याचं बिल आधी हिशेबात धरा, कारण खरा खर्च टाकीच्या खरेदीत नसून ती चालवण्यात आहे. वायफायवर चालणारा थर्मामीटर लावला तर पुण्यात बसून आकडा दिसतो. पण आकडा दिसून उपयोग काय, दार उघडणारं कोणी नसेल तर? किल्ली एका शेजाऱ्याकडे द्या आणि त्यांना दोनच कामं सांगा, पाण्याची पातळी बघणं आणि एसी बघणं. खाऊ घालायला सांगायचं तर माशांपुरतं, तेही रोजच्या मोजून ठेवलेल्या पुड्यांतून. समुद्रफूल प्रकाशावर दोन-तीन आठवडे सहज काढतं. एरवीही त्याला आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा पुरतो.

दुकानात ‘बबल टिप’ जातीचं मागा. नवख्यांना त्यातल्या त्यात तेच झेपतं. पांढरंफटक किंवा भडक रंगवलेलं घेऊ नका. तोंड मिटलेलं, पाय न फाटलेला, शुंडकं चिकट असावीत. हाताळताना हातमोजे घाला. माशांना तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर मासे वेगळ्या टाकीत हलवा, तांबं समुद्रफुलाला मारतं. आणि निमो लगेच त्यात शिरेल असं नाही, कधी आठवडे लागतात.

राहिला आयुष्याचा प्रश्न. स्कॉटलंडचे निसर्ग अभ्यासक जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. ते थंड पाण्यातल्या जातीचं होतं. डॅलियेल १८५१ मध्ये वारले, पण ‘ग्रॅनी’ म्हणून प्रसिद्ध झालेलं ते समुद्रफूल एकाकडून दुसऱ्याकडे जात १८८७ पर्यंत जगलं. आपले व्हिसा दोन-दोन वर्षांचे. नोकरी बदलली, दुबईला किंवा भारतात परत जायची वेळ आली, तर टाकी विमानात नेता येत नाही. समुद्रात तर सोडूच नका. दुकानात मिळणारी बरीचशी समुद्रफुलं दुसऱ्या समुद्रातली असतात आणि त्यांच्यासोबत रोगही जाऊ शकतात. म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, उद्या गरज पडली तर हे परत घ्याल का? तो ‘नाही’ म्हणाला, तर इथे टाकी ठेवणारं दुसरं एखादं घर आधी शोधा, समुद्रफूल नंतर.