ओझे किती, आणि कोठे?

बैलगाडी भरण्याचेही एक शास्त्र आहे. ओझे मागे अधिक झाले, तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे अधिक झाले, तर बैलांच्या माना दबतात. अमेरिकेत मोटारीमागे फिरते घर जोडून सहलीस निघणाऱ्या कुटुंबालाही हाच तोल सांभाळावा लागतो. मात्र तेथे चुकीचे प्रायश्चित्त ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगात घ्यावे लागते.

या घराची चाके मध्याच्या थोडी मागे असतात. त्यामुळे वजनाचा काही अंश दांड्यावाटे मोटारीच्या आकड्यावर टेकतो. तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा तेथील दंडक आहे; म्हणजे १,५०० किलोंच्या घरासाठी १५० ते २२५ किलो. तो याहून कमी पडला, तर वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या धक्क्याने घर डावी-उजवीकडे झुलू लागते. वेग अधिक असेल, तर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो आणि अखेरीस मोटारीसह घर उलटू शकते. उलट, आकड्यावर बेसुमार भार आला, तर मोटारीची पाठ दबते, पुढची चाके हलकी होतात आणि ती वळविणे कठीण जाते.

थोड्या सामानानेही केवढा फरक पडतो, ते पाहा. आकड्यापासून आस चार मीटरवर आहे, असे समजू. आसाच्या दोन मीटर मागे ८० किलोंची पेटी ठेवली, तर आकड्यावरचा भार ४० किलोंनी घटतो. तीच पेटी आसाच्या एक मीटर पुढे ठेवली, तर तो २० किलोंनी वाढतो. पाण्याची टाकीही या हिशेबात धरावी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो.

परंतु मागे जड झाले म्हणून पुढच्या टोकालाही तितकेच जड सामान रचणे हा उपाय नव्हे. दोन्ही टोकांना विटा बांधलेली काठी एकदा फिरू लागली की आवरत नाही. म्हणून जड वस्तू तळाशी, आसाजवळ आणि किंचित पुढे ठेवाव्यात. हलके कपडे व अंथरुणे टोकांना व वरच्या कपाटांत. डाव्या-उजव्या बाजूही सारख्या असाव्यात.

अंदाजावर विसंबू नये. भरलेले घर प्रथम सुटे करून वजनकाट्यावर तोलावे; नंतर मोटारीला जोडून केवळ त्याची चाके काट्यावर घ्यावीत. पहिली नोंद १,५०० आणि दुसरी १,३२० किलो आली, तर आकड्यावर १८० किलो, म्हणजे १२ टक्के भार आहे. मोटारीच्या आकड्याला तो पेलेल की नाही, हेही तपासावे.

एवढे करूनही वाटेत घर झुलू लागलेच, तर मोटारीचा ब्रेक जोराने दाबू नये आणि वेग वाढवून सावरण्याचा मोहही टाळावा. अॅक्सिलरेटरवरील पाय उचलावा, चाक सरळ धरावे आणि घराला स्वतंत्र ब्रेक असल्यास तेवढाच हलके लावावा. गाडी शांत झाली की सुरक्षित जागी थांबून सामान पुन्हा लावावे. निघण्यापूर्वी वजनकाट्यावर खर्ची पडलेला अर्धा तास वाया गेला, असे कोणी समजू नये. घरात सामान असते, पण मोटारीत माणसे असतात.