केडगावचा मुलींचा छापखाना

छापखान्यात खिळे जुळवायचे म्हणजे डोळा तयार हवा आणि बोटांना सवय हवी. डाव्या हातात खिळे रचायची स्टिक, समोर खिळ्यांची खणाखणांची केस. इंग्रजीचे थोडक्या खणांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांचे अर्धे-मुर्धे तुकडे धरले की खण शेकड्यांवर जातात. शिवाय शिशातले प्रत्येक अक्षर उलटे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, हे काम मुली करत होत्या.

त्यातल्या अनेकींना दुष्काळाने तिथे आणले होते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि निराधार मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. १९००च्या सुमारास सदनातली संख्या दीड हजाराच्या घरात गेली. एवढ्या जणींना जेवू घालायचे, तर नुसत्या दयेवर किती दिवस निघणार?

हा प्रश्न रमाबाईंना नवा नव्हता. १८८२मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली होती; म्हणजे शिक्षणाबरोबर मिळकतीचाही विचार तेव्हापासूनचा. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पहिल्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे. शारदा सदन पुण्याला हलले आणि १८९३मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या वादात सापडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचे पडसाद आजही पुरते विरलेले नाहीत.

शारदा सदनाला पैसे पुरवणाऱ्या बॉस्टनच्या मंडळाने मदतीचा शब्द दिला होता तो दहा वर्षांपुरता. पुढची बेगमी म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. शेतीला जोडून गोठा, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, धोबीकाम आले. अंध मुली ब्रेल शिकत, टोपल्या विणत. छापखान्याने तर कमालच केली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर इथेच जुळवले गेले, इथेच छापले गेले.

एक उणीव मात्र सांगायला हवी. इथे शिकलेल्या बऱ्याच जणींचे कसब सदनाच्या आवारातच वापरले गेले. बाहेरचा कोणता छापखाना तेव्हा बाईला केसपुढे उभी करणार होता? दोष कसबाचा नव्हता, बाजाराचा होता.

आज गावोगाव शिवणाचे वर्ग निघतात, तीन महिन्यांत प्रमाणपत्र हाती येते आणि पुढे काम कुठे मिळणार हे कोणी सांगत नाही. केडगावात मुली शिकल्या त्या खऱ्या कामावर. घाण्यातले तेल स्वयंपाकात जाई, मागावरचे कापड अंगावर येई, छापलेले पान वाचणाऱ्याच्या हाती पडे.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर पडले. त्यांचे मुक्ती सदन मुक्ती मिशन या नावाने केडगावला अजून चालू आहे.